सांताक्लॉजच्या दाढीआड

(द्वितीय वर्ष, कला)

डिसेंबर लागला की आता रावेरच्या बाजारपेठेतही लाल टोप्या टांगलेल्या दिसतात. मोबाईलची दुकाने, केकची दुकाने, शिकवणी वर्गांचे फलक, जिकडे पाहावे तिकडे तो पांढऱ्या दाढीचा, गुबगुबीत पोटाचा म्हातारा हसत असतो. काचेला कापूस चिकटवून बर्फ पडल्याचा देखावा केलेला असतो. ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि केळीची पाने उन्हाने करपतात, त्या भागाने बर्फाची हौस कापसावर भागवून घ्यावी, हे एका परीने समजण्यासारखे आहे. शिवाय कापूस आपल्याकडे मुबलक! पण गंमत बाजूला ठेवून मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. या साऱ्या सजावटीत, ज्याच्या जन्माचा म्हणून हा सण, तो कुठे आहे?

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने मला मागच्या वर्षी विचारले, "सांताक्लॉज हा तुमचा देव ना गं?" तिच्या विचारण्यात कुचेष्टा मुळीच नव्हती. तिने नाताळ पाहिला होता तो फोनवर आणि दुकानांच्या काचांवर; तिथे तिला बाळही दिसले नव्हते आणि त्याची आईही. मग तिने दुसरे काय समजावे? पुढे दुसऱ्या एकीने विचारले, "तुम्ही घरात इंग्रजीच बोलत असाल, नाही?" यावर मात्र मला हसू आवरले नाही. आमच्या घरात आजी नगरकडची मराठी बोलते, बाबा कामावर राहून राहून इथली तावडी बोलतात, आणि इंग्रजी म्हणाल तर ती माझ्या पाठ्यपुस्तकाबाहेर पडत नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा नगर जिल्ह्यातून (आताचा अहिल्यानगर) काम शोधत इकडे आले. पाणी आणि केळी जिथे तिथे मजुरी, हा त्यांचा हिशेब. आधी ते एका शेतकऱ्याकडे सालदार होते. माझे बाबा केळी भरणाऱ्या टोळीत आहेत. घड कापायचे, खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे, ट्रकमध्ये रचायचे. या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. हे सांगण्याचे कारण एवढेच, की नाताळ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चकचकीत श्रीमंती चित्र येते, त्यात आम्ही कुठेच बसत नाही. आणि माझे म्हणणे असे, की मूळ नाताळही त्या चित्रात बसत नाही.

मूळ गोष्ट काय आहे ती लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती मी माझ्या शब्दांत सांगते. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. नासरेथ गावचा सुतार योसेफ दिवस भरत आलेल्या मरीयेला घेऊन बेथलेहेमला निघाला. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मले, आणि त्या माउलीने त्याला फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. ही बातमी प्रथम कुणाला कळली? राजाला नाही, याजकालाही नाही. रात्री उघड्यावर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

आता सांगा, ही गोष्ट कळायला बर्फाची गरज आहे काय? गव्हाण म्हणजे काय हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावे लागते काय? आपल्याकडे गावाबाहेर खळे असते. तिथे बैल बांधलेले, कडब्याची गंजी, कोपऱ्यात सालदाराची खाट. थंडीच्या दिवसांत धनगर-ठेलाऱ्यांचे कळप येतात, शेतात मेंढ्या बसवतात, आणि रात्री शेकोटीभोवती ती माणसे जागी असतात. सातपुड्यातून पावरा कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात, त्यांत कडेवर पोर घेतलेल्या आणि पोटुशी बाया असतात. चाळीसगाव-पारोळ्याकडची माणसे ऊसतोडीला जातात आणि उसाच्या फडाशेजारी कोपीत बाळंतपणे होतात. शिरगणतीच्या त्या वाटेवर मरीया याच बायांच्या मागेपुढे चालत असती, असे मला नेहमी वाटते.

याच शुभवर्तमानात पुढे एक बारीकशी नोंद आहे. तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बाळाला मंदिरात नेले तेव्हा अर्पण म्हणून पक्ष्यांची जोडी द्यायची होती. जुन्या नियमशास्त्रात कोकराचे अर्पण सांगितले आहे, आणि ज्याची कोकरू देण्याची ऐपत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले द्यावीत अशी सवलत आहे. ती सवलत या कुटुंबाने घेतली. आजच्या भाषेत सांगायचे तर दारिद्र्यरेषेखालचे घर. मत्तयच्या शुभवर्तमानाप्रमाणे पुढे हेरोद राजाच्या भीतीने त्यांना रातोरात मिसरात पळून जावे लागले. घर सोडून परक्या मुलखात आसरा शोधणारी माणसे आपण आजही बातम्यांत पाहतो.

आणि बाळ जन्मण्यापूर्वी मरीयेने गायलेले जे गीत लूकने दिले आहे, ते तर कुठल्याही दुकानदाराने काचेवर लावावे असे नाही. सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढले, दीनांना वर उचलले, भुकेल्यांना तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाताने वाटेला लावले, असा त्याचा आशय आहे. रिकाम्या हाताने परत गेलेले गिऱ्हाईक कोणत्या दुकानाला परवडेल?

आता या सांताक्लॉजचे काय? त्याच्यावर माझा राग नाही, कारण त्याच्या मुळाशी एक भला माणूस आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. त्यांच्याविषयी आख्यायिका अशी, की एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. तेव्हा निकोलस यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. (आख्यायिका असली तरी हुंड्याचा प्रश्न मात्र आपल्याला चांगला ओळखीचा आहे.) त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. हॉलंडच्या लोकांनी त्यांना 'सिंटरक्लास' म्हटले, ते नाव अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाले. थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३ पासून साप्ताहिकात त्याची चित्रे काढली. कोकाकोला कंपनीने १९३१ पासून हॅडन संडब्लॉम यांच्याकडून जाहिरातींसाठी काढून घेतलेला सांता जगभर गेला. लाल रंग त्या कंपनीने दिला असे पुष्कळजण सांगतात, ते खरे नाही. लाल अंगरखा आधीपासून होता. पण गरिबाच्या घरात रात्री, नाव न सांगता थैली टाकणारा तो बिशप हळूहळू दुकानाच्या दारात उभा राहून गिऱ्हाइके आत बोलावू लागला, हा फरक रंगापेक्षा मोठा आहे.

हा फरक मी फार जवळून पाहिला आहे. माझा मावसभाऊ जळगावला असतो. बारावीनंतर त्याचे शिक्षण सुटले; मिळेल ते काम करतो. मागच्या नाताळात एका दुकानाने त्याला सांताक्लॉज म्हणून आठवडाभर उभे केले. रोज पाचशे रुपये, दुपारी अकरापासून रात्री दहापर्यंत. जाड लाल कपडे, पोटाला बांधलेली उशी, चिकटवलेली दाढी आणि हातात घंटा. मुले आली की चॉकलेट द्यायचे, फोटो काढू द्यायचा, आणि मुलांच्या आईबापांना सवलतीचा कागद द्यायचा. चोवीस तारखेच्या रात्री आमच्याकडे गाणी गात घरोघर जातात, त्याला तो आला नाही. पंचवीसला सकाळी उपासनेला आला नाही. म्हणाला, "सुट्टी मागितली तर मालक हसला. म्हणे, आजच्या दिवशी सांताक्लॉज कसा सुट्टीवर जाईल?" मालकाला ठाऊकच नव्हते की आपण ख्रिस्ती मुलाला ठेवले आहे. त्याने सांगितलेही नाही, कारण सांगितले असते तर उद्याचा रोज गेला असता.

त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. साडेतीन हजार रुपयांत मावशीच्या औषधांचा आणि किराण्याचा खर्च निघाला. माझे बाबाही कित्येक नाताळांना घड वाहायला गेले आहेत. कापलेली केळी कोणाच्या सणासाठी थांबत नाहीत. पण नाताळच्या नावाने दुकान भरावे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच नाताळची उपासना मिळू नये, याला काय म्हणावे? बाजाराने नाताळ घेतला तो असा घेतला. घंटा ठेवली, चॉकलेट ठेवले, आणि ज्यांच्यासाठी तो सण पहिल्यांदा आला त्या मजुरालाच दाराबाहेर उभे केले.

यावर माझ्या मित्रमैत्रिणी काही आक्षेप घेतात, त्यांचा विचार केला पाहिजे. एक म्हणते, "सगळ्याच सणांचे असे झाले आहे, आमच्या गणपतीपुढे तरी काय वेगळे वाजते?" हे खरे आहे. पण दुसऱ्याच्या घरी गळते म्हणून आपल्या घराचे छप्पर शाकारू नये असे कोण म्हणेल? दुसरा म्हणतो, "२५ डिसेंबर ही तारीख तरी बायबलात आहे का?" नाही. बायबलात तारीख नाही, महिनाही नाही. या तारखेला नाताळ पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील, इ. स. ३३६ ची आहे. माझ्या मते यामुळे काही बिघडत नाही. माझ्या आजीची जन्मतारीख कुठे नोंदलेली नाही. म्हणून ती जन्मलीच नाही असे होते काय?

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांतून येतो. काही कडक विचारांची मंडळी म्हणतात, की एवढी जर विटंबना होते तर हा सण सोडूनच द्यावा. हा प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ पर्यंत होता, आणि तेथे नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती थेट १८५६ मध्ये. गंमत अशी, की १८१३ मध्ये मुंबईत येऊन पोहोचलेले आणि पुढे १८३१ पासून आमच्या नगरला ठाण मांडलेले अमेरिकन मिशनरी याच मुलखातल्या मंडळ्यांनी पाठवलेले. त्यांच्या गावी त्या काळी २५ डिसेंबर हा बहुतेकांचा कामाचा दिवस असे! दंड करून सण मेला नाही. उलट तो परत आला तेव्हा दुकानदारांच्या हाताला धरून आला. म्हणून बंदी, बहिष्कार, दुकानापुढे निदर्शने, यांतले मला काहीच पटत नाही. सांताची टोपी घालून एखादे पोर नाचत असेल तर नाचू द्यावे.

मग करायचे काय? मला वाटते, आपल्याजवळ जे आहे ते आधी ओळखावे. 'नाताळ' हा शब्दच घ्या. तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. त्याचा अर्थ जन्म. मराठीने तो इतका आपला करून घेतला की कचेऱ्यांना आणि शाळांना 'नाताळची सुट्टी' लागते हे ख्रिस्ती नसलेल्यांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, ते या सुट्टीच्याच दिवसांत. असा रुळलेला शब्द टाकून आज आपलीच मुले एकमेकांना इंग्रजीतून तयार छापील शुभेच्छा पाठवतात.

शब्दाहूनही मोठी गोष्ट म्हणजे साहित्य. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांत त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली. म्हणजे सांताक्लॉजचे नाव निघण्याच्या कितीतरी आधी बेथलेहेमची गोष्ट मराठी ओवीत आलेली होती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग, भजने, कीर्तने रचली आणि ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंग आणला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १९१९ मध्ये ते वारले. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून तो ग्रंथ तडीस नेला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या या बाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मराठी विभागाच्या माझ्या वर्गमित्रांनी 'स्मृतिचित्रे'तले उतारे वाचले आहेत; पण लक्ष्मीबाईंच्या घरी नाताळ येत असे हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? आणि अगदी आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आता धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये ते गेले.

माझ्या आजीने यातले एकही पुस्तक वाचलेले नाही, तिला वाचता येत नाही. पण 'उपासना संगीत'मधली टिळकांची भजने तिला तोंडपाठ आहेत. नाताळच्या आधीच्या आठवड्यात ती जात्यावर नाही (जाते आता कुठे राहिले!) तर करंज्या लाटताना ती गाते. लहानपणी मला वाटे की ही आजीचीच गाणी आहेत. ती कवीची आहेत, त्यांना छापील पुस्तक आहे, आणि त्या कवीचे नाव बी. ए.च्या अभ्यासात येते हे मला इथे आल्यावर कळले. त्या दिवशी ग्रंथालयात मी जी काही खूश झाले, ते सांगता येणार नाही.

आणि आता थोडे आमच्या घरातले दोषही सांगते. नुसती दुकानदारांवर टीका करणे सोपे असते. आमच्या भागातले बरेच जण नाताळच्या उपासनेसाठी रेल्वेने भुसावळला जातात. तिथल्या रेल्वे वस्तीमुळे नाना ठिकाणची ख्रिस्ती कुटुंबे भेटतात. पण तरुण पोरे चोवीसच्या रात्री गाणी गात निघतात ती मोठे ध्वनिवर्धक घेऊन, आणि वाजवतात काय, तर 'जिंगल बेल्स'. हे गाणे जेम्स पिअरपॉन्ट यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. बर्फावरून घोड्याची घसरगाडी पळवण्याचे ते गाणे आहे. त्यात ख्रिस्ताचे नाव नाही, इतकेच काय, नाताळचेही नाही! टिळकांची भजने म्हणा म्हटले तर पोरे म्हणतात, ती म्हाताऱ्यांची गाणी. कोणी नवा सदरा नाही म्हणून उपासनेला येत नाही, कोणी नवा सदरा दाखवायला येतो. गव्हाणीत जन्मलेल्याच्या दारी जाताना कपड्यांची लाज वाटावी, हे मला बाजारातल्या कापसाच्या बर्फापेक्षा जास्त बोचते. बाजाराने नाताळचा अर्थ पळवला म्हणून ओरडण्याआधी आपण तो दारात किती राखला होता, हेही पाहिले पाहिजे.

गोठ्याचा देखावा करण्याची चाल संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी सुरू केली असे सांगतात. त्यांनी तिथे खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि गाढव आणवले होते. आपण मात्र प्लॅस्टिकचा गोठा विकत आणतो, आणि त्यात गोऱ्या कातडीच्या बाहुल्या मांडतो. रावेर तालुक्यात गवत, बैल, गव्हाण यांना काय तोटा आहे? या वर्षी मी व आमच्यातल्या चार मुलींनी असे ठरवले आहे, की गोठा केळीच्या वाळलेल्या पानांचा आणि कडब्याचा करायचा, मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी द्यायची, आणि मरीयेला नऊवारी नेसवायची. पाळकांना विचारले, ते म्हणाले, करा. एका काकांनी मात्र नाक मुरडले, म्हणे देखावा "गावठी" दिसेल. बेथलेहेम काय शहर होते? पण वडील माणसाला उलट बोलू नये म्हणून मी गप्प बसले आणि इथे लिहिते आहे.

दुसरे ठरवले आहे ते असे. चोवीसच्या रात्री गाणी गात फिरताना एक फेरी केळी भरणाऱ्यांच्या आणि उघड्यावर उतरलेल्या मजुरांच्या पालांकडे न्यायची. ध्वनिवर्धक न्यायचा नाही; ढोलकी आणि टाळ पुरे. त्या माणसांना दिवसभराच्या कामानंतर झोप हवी असते, म्हणून उशीर करायचा नाही. फराळाचे पुडे न्यायचे, आणि धर्माची पत्रके न्यायची नाहीत; कुणाच्या मनात शंका यायला नको आणि आमचाही तो हेतू नाही. मावसभावाला या वर्षी दुकानाने पुन्हा बोलावले आहे. त्याने चोवीसच्या संध्याकाळची सुट्टी मागून घेतली आहे आणि पंचवीसला दुपारपासून उभा राहीन असे सांगितले आहे. एका वेळचे पैसे कापले जाणार. त्याला ढोलकी चांगली येते.

वर्गातल्या मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे, की नाताळला तुम्ही आमच्या घरी या. लाल टोपी घालून आलात तरी हरकत नाही. केक बहुधा नसेल. आजीच्या करंज्या असतील, शंकरपाळी असेल, आणि तुम्ही बसून घेतलेत तर ती न विचारताच गाऊ लागेल. तिला थांबवू नका.